शिल्डचं साल

मंगरूला कुणी कोणत्याही गोष्टीचं साल विचारू नये. सन त्याला येत नाही असं नाही, तो सांगतच नाही. लग्न कधी झालं तुझं? 'उघड्या पायानं खेळलो त्या साली.' घरावर टिनाचे पत्रे कधी चढले? 'बनियनचा रंग उतरला त्याच्या पुढच्या साली.' बाप कधी वारला? 'साकोलीले एका पॉइंटानं हारलो ना, त्याच हिवाळ्यात.' एकोडीच्या तलावापलीकडे ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, टोली आहे. त्या टोलीची कबड्डीची टीम आणि तिच्या हारजितीचा इतिहास, हेच या माणसाचं पंचांग. त्यात हारच जास्त. पण पंचांगात अवसा असतात म्हणून कुणी पंचांग फेकून देतं का?

टीमचं नाव तलावपार. ते कुणी ठेवलं नाही, पडलं. लाखनीच्या सामन्यांना ही पोरं पहिल्यांदा गेली तेव्हा माइकवाल्यानं विचारलं, कुठून आले बे? मंगरूचा जिवाभावाचा दोस्त नत्थू म्हणाला, तलावापारहून. माइकवाल्यानं तेच पुकारलं आणि तेच चिकटलं. ते उघड्या पायाचं साल. समोरचे बूट घालून आले होते, आणि आमच्या गड्यांच्या पायाच्या बोटांचा भुगा झाला. पहिल्याच सामन्यात गारद. परत येताना सगळे टेम्पोत लंगडत चढले, आणि मंगरू म्हणाला, पुढच्या साली पाहू.

'पुढच्या साली पाहू' हे वाक्य त्यानं मग इतक्या वेळा म्हटलं की बायको तुळसा पोळपाटावर लाटणं आपटायची. रंग उतरल्याचं साल आलं. भंडाऱ्याच्या बाजारातून हौसेनं लाल बनियन आणले. घाम आला तशी सगळी टीम गुलाबी झाली, आणि लोकांनी खेळ सोडून तेच पाहिलं. मग एका पॉइंटाचं साल. मग नत्थूचा खांदा निखळला ते साल. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपासून शिमग्यापर्यंतचा हा मौसम. धान कापून, चुरून घरात आलं की गावोगाव मैदानं आखली जायची, आणि मंगरूचं चित्त जाळ्यातून उडायचं. तलावात डोंगा घेऊन गेला तरी तोंडानं चढाईच करत असायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं हारणारी टीम चालवायची कशाला? तर एक गोष्ट खरी होती. पकडीत तलावपारचा हात धरणारं कुणी नव्हतं. ढिवरांची पोरं ती. लहानपणापासून दोन्ही बाजूंनी जाळं ओढत आणायची सवय. समोरचा गडी आत आला की दोन्ही कोपरे तसेच हळूहळू जवळ यायचे, आणि त्याला कळायच्या आत तो मधोमध सापडायचा. पण कबड्डी नुसत्या पकडीवर जिंकता येत नाही. समोरच्या अंगणात जाऊन, कुणाला तरी शिवून, जिवंत परत येणारा गडी लागतो. तो नव्हता. डोंग्यात बसून बसून सगळ्यांचे पाय जड. खांदे बैलासारखे आणि पाय दगडासारखे.

बाहेरून गडी आणावा, तर तेही नाही. या भागातल्या गावसामन्यांचा कायदा असा की सातही गडी गावचेच पाहिजेत. सूट एकच होती, गावच्या जवायाला. जवाई खेळला तर चालतो. पंगतीत पहिल्या पाटावर ज्याला बसवायचं, त्याला मैदानात परका कसं म्हणायचं, असा साधा विचार. कितीतरी टीमा या सुटीवर तरल्या होत्या. मंगरू हे सगळं पाहत होता, आणि त्याला एकच पोरगी होती, डिंपल.

डिंपल मैदानातच वाढली म्हणा ना. सरावाला पकड करणारे सात, पण त्यांच्यावर चढाई कोण करणार? दिवसभर जाळं ओढून दमलेले गडी म्हणायचे, तू जा, तू जा. शेवटी पाणी घेऊन आलेल्या डिंपलला नत्थू म्हणायचा, ये वं, तूच ये. ती फ्रॉक सावरून यायची आणि सात बाप्यांमधून फिरून कुणाच्या तरी टोंगळ्याला, म्हणजे गुडघ्याला, हात लावून पळायची. आधी आधी ते मुद्दाम सोडून द्यायचे. पुढे मुद्दाम सोडायची गरज राहिली नाही. पोरीचा दम तर विचारूच नका. बापाबरोबर तलावात बुडी मारून ती खुंटाला अडकलेलं जाळं सोडवायची. वर यायला उशीर झाला की मंगरूचाच श्वास अडकायचा. नत्थूनं निसटत्या मरळ माशावरून तिचं नाव मरळ ठेवलं. हातात येते पण राहत नाही, म्हणायचा.

मग कोरोनाचं साल आलं. सामने बंद, बाजार बंद, शाळा बंद. रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, मैदानात टोलीची माणसं जमायची. त्या साली हारायचंच नव्हतं, म्हणून मंगरू आयुष्यात पहिल्यांदा निवांत होता. पाळीवर बिडी ओढत बसायचा आणि आपली पोरगी आपल्याच टीमला रोज एकेक करून बाद करते ते पाहायचा. हसायचा. मनापासून हसायचा तो, हे सांगितलं पाहिजे. जीव होता त्याचा तिच्यावर. पण पाहणं वेगळं आणि दिसणं वेगळं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्याला पाठ होती. तिचा काय उपयोग झाला?

ज्याला दिसायचं त्याला दिसलं. शाळा उघडल्या तसं साकोलीच्या शाळेतल्या भोजराज सरांनी डिंपलला मुलींच्या टीममध्ये घेतलं. ती जिल्ह्यातून निवडली गेली, भंडाऱ्याला खेळली आणि पदक घेऊन आली. तुळसानं ते आरशाजवळच्या खिळ्याला अडकवलं. भात वाढताना तिकडे पाहायची आणि पुन्हा वाढायची. पुढे सर घरी आले. नागपूरला हिवाळ्यात शिबिर आहे म्हणाले, तिथून राज्याची टीम निवडतात. निवडली गेली तर वसतिगृह, कॉलेज, पुढे पोलिसात लागायची सोय. मंगरूनं सरांना बाजेवर बसवलं, चहा पाजला आणि छाती फुगवून सांगितलं, 'पाठवतो ना सर. काहून नाही पाठवणार?' खोटं बोलत नव्हता तो. त्या दिवशी तरी नव्हता.

त्याच्या आदल्या मौसमात लाखनीच्या सामन्यांना तलावपार पहिल्यांदा फायनलला गेली होती. समोर इश्वर. लाखनीकडच्या एका गावातला, त्यांच्याच जातीचा. लांब हातापायांचा, केसांना तेल लावलेला, मधल्या रेघेवर उभा राहून मांडीवर थाप मारायचा तेव्हा अख्खं मैदान गप्प व्हायचं. त्यानं एकट्यानं तलावपारचं अंगण रिकामं केलं. हारलेला माणूस चिडतो, पण मंगरू घरी आला तो प्रेमात पडल्यासारखा. जेवताना इश्वर, आंघोळ करताना इश्वर. 'असा एक गडी आपल्यात असता ना,' म्हणायचा आणि घास हातातच ठेवून बसायचा. डिंपल समोर बसून ऐकायची.

आणि दिवाळीनंतर टोलीची मंडई भरली. आमच्याकडे मंडई म्हणजे नुसते पाळणे आणि जिलेबी नाही. गावोगावचे सोयरे येतात, संध्याकाळी दंडारीचं नाचगाणं होतं, आणि पोरापोरींच्या सोयरिकी निम्म्या तिथेच जुळतात. इश्वर आपल्या मामाबरोबर आला. आपल्या टीमशी त्याचं बिनसलं होतं. काय बिनसलं, कशानं बिनसलं, हे मंगरूनं विचारलं नाही. पोरगा एकटाच, दोन एकर धान, नवी मोटारसायकल, आणि लग्न करायचं आहे, एवढं मामानं सांगितलं. मंगरूनं त्याला घरी जेवायला आणलं आणि मरळीच्या रश्श्याची वाटी स्वतः पुढे सरकवली. तुळसा चुलीपाशी उठून उभी राहिली. तिला कळलं होतं.

'पोरगी देऊन राहिले का गडी आणून राहिले?' पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं.

'दोन्ही,' मंगरू म्हणाला. 'त्यात वाईट काय आहे?'

डिंपलनं नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, 'बाबा, लगन उन्हाळ्यात करा. शिबिर होऊन जाऊ द्या.'

'उन्हाळ्यात केलं तर या साली कसा खेळन तो? जवाई झाल्याबिगर घेतच नाही ना त्याले.' हे मंगरू हसत हसत बोलला, आपण दोघं एकाच टीमचे असल्यासारखा. आणि खरंच ती त्याच टीमची होती. बापानं एवढ्या साली हारताना किती वेळा डोकं धरलं ते तिनं पाहिलं होतं. ती त्याच्या टीमची नसती, तर भांडली असती.

मार्गशीर्षात लग्न लागलं. गुडघ्याला बाशिंग नवरदेवाच्या नव्हतं, सासऱ्याच्याच होतं. टीमची पोरं लाल बनियन घालून वरातीत नाचली. भोजराज सर आले, मांडवाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले. मंगरूनं जेवायला हात धरून ओढलं तर म्हणाले, 'गाडी सोमवारी निघते. तिची जागा मी कोनालेच देत नाही.' आणि न जेवता गेले. सोमवारी डिंपल सासरी भांडी घासत होती.

लाखनीचे सामने जवळ आले तसं मंगरूनं लेकीजवायाला टोलीत बोलावलं. डिंपलच्या हातावरची हळद अजून पुरती गेली नव्हती. संध्याकाळी सराव सुरू झाला. इश्वरला पकडीचाही सराव पाहिजे म्हणून त्याला सातांत उभं केलं, आणि मग नेहमीचाच प्रश्न आला, चढाई कोण करणार? नत्थूच्या जिभेला हाड नाही. तो ओरडला, 'मरळ, ये ना वं.' डिंपलनं आधी आईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो हसून म्हणाला, जा ना. तिनं लुगड्याचा पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि मधली रेघ ओलांडली. काय ती चढाई. उजव्या कोपऱ्याला हूल दिली, नत्थू भुलला, आणि वळता वळता इश्वरच्या छातीला बोटं लावून ती परत. पाळीवरून पोरंसोरं ओरडली, जवाई बाद, जवाई बाद. सगळ्यात जोरात कोण हसलं असेल? मंगरू. पोट धरून हसला. इश्वरही हसला, पण ते हसू नुसतं ओठावर होतं. मंगरूनं ते पाहिलं, आणि म्हणाला मनाशी, नवा आहे, लाजला असन.

त्या साली तलावपारनं लाखनीचं शिल्ड जिंकलं. खरंच जिंकलं. इश्वर वाघासारखा खेळला, मागे पकडीचं जाळं होतंच. दिवस बुडायच्या आत शिल्ड टेम्पोत होतं आणि टेम्पो हायवेवर होता. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. नत्थू रडत होता. मंगरूनं शिल्ड मांडीवर घेतलं होतं, आणि एवढ्या सालांचं सगळं फिटलं असं त्याला वाटलं. घरी आल्यावर ठेवायला जागा नव्हती. आरशाजवळचा खिळाच तेवढा मजबूत होता. त्यानं पदक काढून तुळसाच्या हातात दिलं आणि शिल्ड तिथे अडकवलं. तुळसानं ते पदक लुगड्याच्या पेटीत टाकलं. त्याच सालच्या दिवाळीत डिंपलला पोरगी झाली, गुड्डी.

पुढचं रुसव्याचं साल. जवाई आणि शिल्ड जिंकून देणारा जवाई यांत फरक असतो, महाराज. सामने आले की इश्वर रुसायचा. पाहुणचार नीट झाला नाही, नत्थू 'अरे' म्हणाला, गाडीत तेल टाकलं नाही. मग मंगरू जायचा हात जोडून. डिंपल दारात उभी असायची, बारीक झालेली. 'बरी आहेस ना वं?' विचारलं की म्हणायची, 'बरी आहो.' आणि त्याचं पुढचं बोलणं इश्वरशी सुरू व्हायचं. त्या साली टीम लवकरच बाद झाली. जवायाचं मन नव्हतं खेळात, मंगरूनं सगळ्यांना सांगितलं, आणि पुन्हा म्हणाला, पुढच्या साली पाहू.

आता त्या पुढच्या सालाचं सांगायचं आहे. सांगवत नाही, पण सांगितल्याशिवाय मंगरू कळायचा नाही.

सामन्यांना दोनच दिवस होते. दुपारी डिंपल एकटीच पोरीला कडेवर घेऊन एस्टीतून उतरली. मनगटाला फडकं गुंडाळलेलं. तुळसानं फडकं सोडलं आणि तिथेच खाली बसली. हात सुजून निळा पडला होता. मंगरू जाळं दुरुस्त करत होता. डिंपल त्याच्यासमोर येऊन बसली. रडली नाही.

'बाबा, मले वापस नोको पाठवू. मारते तो. त्या दिवशी मैदानात शिवलं ना मी त्याले, ते अजून काढते. गडी बनतं का म्हणते, दाखवतो तुले म्हणते.'

मंगरूनं हातातलं जाळं खाली ठेवलं. त्यानं सुजलेला हात पाहिला, मग लेकीचं तोंड पाहिलं. आणि त्याच वेळी मनात एक गणित चालू होतं. परवा सामने. आज बोललो तर तो येणार नाही. आला नाही तर गेलं साल.

'बोलतो मी त्याच्याशी,' तो म्हणाला. 'चांगला बोलतो, सोडत नाही त्याले. सामने होऊन जाऊ दे.'

डिंपल मग उठली आणि आईबरोबर भांडी घासू लागली, एका हातानं. तुळसानं मंगरूशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी इश्वर आला, त्यानं रस्साभात खाल्ला, आणि मंगरूनं त्याला वाढलं. मूग गिळून वाढलं. एकदा हात थांबला होता त्याचा पातेल्यावर. पण थांबला आणि पुन्हा चालू झाला.

टीम फायनलला गेली. दुपारची वेळ, लाखनीचं मैदान भरलेलं. बाजूच्या शेडखाली बाया बसल्या होत्या, त्यांत तुळसा आणि मांडीवर गुड्डीला घेतलेली डिंपल. शेवटची चढाई आणि एक पॉइंट मागे. इश्वर गेला. एकाला शिवून मागे फिरला असता तर बरोबरी होती. पण त्याला दोघे पाहिजे होते, लोकांनी नाचावं असं पाहिजे होतं. तो आत, आणखी आत गेला. समोरचा कोपरा मागून सरकू लागला ते त्याला दिसलं नाही, डिंपलला दिसलं. इतक्या सालांची सवय. ती पोरीसकट उभी राहिली आणि ओरडली, 'मागं या, मागं या.'

इश्वरनं ऐकलं. ऐकलं म्हणूनच फिरला नाही. बायकोच्या सांगण्यावरून कसा फिरणार? चौघांनी त्याला तिथंच दाबलं. सामना गेला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, 'बायको सांगत होती लेका, आयकायचं होतं.' आणि आजूबाजूचे हसले.

मंगरू मैदानाच्या कडेला डोकं धरून बसला. इश्वर सरळ शेडपाशी गेला, 'चाल' म्हणाला. तुळसानं लेकीचा दंड धरला, नोको जाऊ म्हणाली, आणि नवऱ्याला हाक मारली, 'अवो, पोरगी जाऊन राहिली. अवो.' मंगरूला हाक ऐकू आली. हे तो आजही नाकारत नाही. हाक ऐकू आली होती. पण त्यानं डोकं वर केलं नाही. आणखी थोडा वेळ त्याला हारल्याचं दुःख करायचं होतं. डिंपलनं बापाकडे पाहिलं, वाट पाहिली, आणि मग आईचा हात सोडवून गाडीवर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात या म्हणाली. इश्वरनं मुसळानं तिचा डावा टोंगळा फोडला होता. रागाच्या भरात कुठेही मारलं असतं तर मारलं असतं, पण त्यानं तिला खाली पाडून, नेम धरून टोंगळाच फोडला. आता जा चढाईले, म्हणाला होता. शेजारणीनं ओढून बाहेर काढलं म्हणून एकाच टोंगळ्यावर निभावलं. डॉक्टरांनी सळ्या घातल्या, पाय वाचवला. चालेल म्हणाले, पण टोंगळा वाकणार नाही.

मंगरू खाटेपाशी उभा होता. तिनं डोळे उघडले तेव्हा तो रडत होता, माणसासारखा नाही, लहान पोरासारखा, नाक गळत. 'बाई, चुकलं माझं,' म्हणत होता. 'बाई, चुकलं.' तिनं विचारलं, 'गुड्डी काय खाल्ली?' बस, एवढंच बोलली.

पोलिसात केस झाली. इश्वर आत गेला, जामिनावर बाहेर आला, तारखा पडत राहिल्या. डिंपल माहेरीच राहिली. काठी घेऊन चुलीपर्यंत, मग काठीशिवाय, पाय ओढत. तलावाच्या घाटावर ती आता उतरत नाही. पायऱ्या जमत नाहीत.

आणि बघता बघता धान कापून झालं, मंडई भरली. एका सकाळी नत्थू आणि टीमची चार माणसं अंगणात येऊन बसली. कुणी वर पाहीना. शेवटी नत्थूनंच तोंड उघडलं. इश्वरनं निरोप पाठवला होता. पोरीला नांदायला पाठवा, केस मागे घ्या, तर यंदा खेळतो. कागदावर अजून जवाईच आहे, म्हणजे कायद्यात बसते.

'तो सुधरला म्हनते,' नत्थू म्हणाला. 'मी नुसता निरोप सांगून राहिलो, मंगरू.'

मंगरू उठला. घरात गेला, खिळ्यावरचं शिल्ड काढलं, आणून नत्थूच्या पायाशी ठेवलं. 'हे घेऊन जा. तलावपार संपली. आजपासून टीम नाही, मौसम नाही, काहीच नाही.' माणसं उठून गेली. नत्थू जाताना शिल्डला पाया पडल्यासारखा वाकला, पण त्यानंही ते उचललं नाही. ते अंगणातच राहिलं, कोंबड्या त्यावर चढू लागल्या.

मंगरू आत आला. डिंपल तांदूळ निवडत होती, डावा पाय सरळ पुढे पसरून. त्याच्या मनात होतं की आता ती काहीतरी बोलेल. बाबा म्हणेल. एवढं मोठं आपण सोडून दिलं, तिच्यासाठी.

'टीम बंद केली मी,' तो म्हणाला.

'आयकलं मी.' ती तांदळातला खडा शोधत राहिली. 'टीम काहून बंद केली? टीमनं काय केलं होतं? सामने होऊन जाऊ दे, असं मले टीमनं नव्हतं म्हनलं, बाबा.'

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. पाणी मागावं तसं बोलली. मंगरू दारात उभा होता, तसाच राहिला. त्याच्या जवळ आता सोडून द्यायलाही काही उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी अंगणवाडीच्या बाई आल्या. गुड्डीचं नाव लिहून घ्यायचं होतं. मंगरू अंगणात जाळं वाळवत होता, म्हणून त्यांनी त्यालाच विचारलं, 'पोरगी कोणत्या सालची आहे, मामा?'

मंगरूच्या तोंडात आलं होतं. सवयच ती, अर्धं वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं. तेवढ्यात आतून डिंपलचा आवाज आला.

'त्याइले नोका विचारू, ताई. त्याइले फक्त शिल्डचं साल ठावं आहे. थांबा, मी येऊन राहिली.'

आणि मग ती उठली. खाटेला धरून, भिंतीला धरून, पाय ओढत. खोली ती केवढी, दोन ढांगांची. मंगरूला तो पाय जमिनीवरून घासत येताना ऐकू येत होता. बाई थांबून होत्या. तिला दारापर्यंत यायला फार वेळ लागला.